यूट्यूबवरचा ‘बास’ आपल्या खाडीत नाही, पण जिताडा आहे. ल्युअरवर तो कसा गरवायचा?

मराठीत ‘बास’ म्हणजे पुरे. मागच्या पावसाळ्यानंतर सलग तीन महिने आमच्या बोरिवलीच्या घरात दर रविवारी हा शब्द दोन अर्थांनी वापरला जात होता. मी यूट्यूबवर ‘बास फिशिंग’चे व्हिडिओ बघत होते आणि आई म्हणत होती, "बास कर आता ते."

तिचं काही चुकत नव्हतं. व्हिडिओत अमेरिकेतल्या कुठल्याशा तळ्यावर एक टोपीवाला माणूस रंगीत प्लास्टिकचा किडा पाण्यात टाकतो, दोन झटके देतो आणि तिसऱ्या मिनिटाला त्याच्या हातात मासा असतो. मी तोच किडा ऑनलाइन मागवला, तेच झटके दिले, गोराई खाडीच्या काठावर सकाळ-सकाळ जाऊन उभी राहिले. तीन महिन्यांत हाती लागल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि खारफुटीची एक फांदी.

मग एका रविवारी जेट्टीवर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका कोळी काकांनी माझा ल्युअरचा डबा बघितला. अठ्ठावीस ल्युअर होते त्यात. काका हसले आणि म्हणाले, "पोरी, मासा पान्यात हाय, डब्यात नाय."

तेव्हापासून डब्यापेक्षा पाण्याकडे जास्त बघायला लागले. मासे अजूनही दर वेळी लागत नाहीत, पण लागतात. तुम्हीही रील्स बघून रॉड घेतला असेल आणि आता तो दाराच्या मागे धूळ खात उभा असेल, तर हे वाचा.

आधी मासा ओळखू

व्हिडिओतला तो मासा म्हणजे लार्जमाउथ बास. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो तळ्यात राहतो, बुडालेल्या झाडाखाली किंवा पाणवनस्पतीत दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. तिकडे त्याचं वेड इतकं आहे की जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात पकडलेल्या २२ पौंड ४ औंसाच्या, म्हणजे साधारण १० किलोच्या बासची गोष्ट लोक अजून सांगतात. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं. ती केली जपानमधल्या बिवा तलावावर मानाबु कुरिता यांनी.

आपल्या खाडीत हा मासा नाही. पण त्याच्यासारखाच दबा धरणारा, मोठ्या तोंडाचा आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा होणारा मासा आहे : जिताडा. गोव्यात आणि सिंधुदुर्गात हाच चोणक. कोलकात्यात भेटकी. ऑस्ट्रेलियात बारामुंडी. इंग्रजीत त्याला ‘एशियन सीबास’ म्हणतात, म्हणून नावापुरता तोही बासच. नात्यागोत्याने मात्र दोघांचा काही संबंध नाही. कुळं वेगळी आहेत.

रायगडच्या माणसाला जिताडा समजावून सांगायला जाऊ नका, तोच तुम्हाला तासभर समजावेल. पेण-अलिबाग पट्ट्यात भरतीच्या पाण्याबरोबर आत आलेली जिताड्याची पिल्लं तळ्यांत वाढवतात, आणि पाहुण्याला जिताडा खाऊ घालणं हा तिकडे मानाचा विषय आहे. सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं तेव्हा आमच्या अलिबागच्या मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शिकार करण्याची पद्धत मात्र बास आणि जिताड्याची सारखी. दोघंही पाठलाग फार करत नाहीत. आडोशाला थांबतात, जवळून जाणारं भक्ष्य तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतात. जिताड्याने पृष्ठभागावर असा घास घेतला की ‘भुप्’ असा आवाज येतो. एकदा ऐकला की विसरत नाही. म्हणून बाससाठी शोधलेल्या बऱ्याच युक्त्या जिताड्यालाही लागू पडतात. फक्त एक मोठा फरक आहे, आणि तीन महिने मला तोच कळला नव्हता. तळ्याचं पाणी उभं असतं. खाडीचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं.

ल्युअर बदलण्याआधी वेळ बदला

जिताड्याचं जेवण पाणी आणून देतं. भरतीला पाणी खारफुटीच्या मुळांत शिरतं आणि त्याच्याबरोबर बोयटांची पिल्लं, कोळंबी, छोटे मासे आत जातात. तिथे त्यांना लपायला जागा असते. ओहोटी लागली की हे पाणी छोट्या छोट्या ओहळांतून परत खाडीत उतरतं, आणि त्या सगळ्यांना नाइलाजाने बाहेर यावं लागतं. जिताडा त्या ओहळाच्या तोंडाशी उभा असतो. लोकल येण्याआधी डबा कुठे थांबणार हे ओळखून उभं राहणाऱ्या अंधेरीच्या प्रवाशासारखा.

म्हणजे ओहोटीचे शेवटचे दोन-अडीच तास, आणि त्यानंतर पाणी परत फिरतं तो पहिला अर्धा-पाऊण तास. पाणी एकदम स्थिर झालं की मासा तोंड मिटतो. मी नेमकी पूर्ण भरतीला जात होते, कारण तेव्हा काठावर पाणी छान दिसतं आणि फोटोही बरे येतात. मासे तेव्हा खारफुटीच्या आत, माझ्या ल्युअरपासून पन्नास मीटर लांब, मुळांमध्ये फिरत होते.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते. पण आपल्या किनाऱ्यावर त्याहून जुना हिशेब आहे आणि तो मला फार आवडतो. तिथीला पाऊणने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण रविवारचा बेत ठरवायला एवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता हा हिशेब मासेमारीला लावून बघा. षष्ठी ते नवमी या तिथींना भरती पहाटे साडेचार ते पावणेसातच्या दरम्यान येते. म्हणजे उजाडल्यापासून अकरा-बारापर्यंत पाणी उतरत राहतं. शिवाय हे दिवस भांगाचे. चंद्र अर्धा असतो तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, पाण्याला ओढ कमी असते आणि गाळ कमी ढवळला जातो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आपल्या खाड्यांचं पाणी टपरीवरच्या चहासारखं होतं, आणि त्या ओढीत हलका ल्युअर जागेवर राहतच नाही. नवशिक्याने उधाणाच्या वाटेला जाऊ नये. हात बसल्यावर मात्र उधाणाची संध्याकाळ सोडू नका : भरती दुपारी बाराच्या आसपास, ओहोटीचा शेवट अंधार पडताना. जिताडा कमी उजेडात धीट होतो.

ऋतूही बघावा लागतो. जिताडा उबदार पाण्याचा मासा. डिसेंबर-जानेवारीत तो सुस्तावतो. पावसाळा संपल्यावर, पाणी जरा निवळलं की सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, आणि मग परत मार्चपासून उन्हाळा, हे दिवस चांगले.

डब्यातले चार पुरेत

माझ्या अठ्ठावीसपैकी मी आता चारच नेते.

पहिला आणि सगळ्यात कामाचा, रबरी मासा. तीन-चार इंचांचा, शेपटीला चपटं पातं असलेला, आत शिशाचं डोकं बसवलेला गळ. ओढला की शेपूट थरथरते. आपल्या गढूळ पाण्यात हीच थरथर महत्त्वाची. माशाच्या दोन्ही अंगांवर एक संवेदनशील रेघ असते, तिच्यामुळे त्याला पाण्यातली हालचाल जाणवते. दिसण्याआधी त्याला भक्ष्य ‘कळतं’. म्हणून डोळ्यांचा रंग आणि खवल्यांची नक्षी यावर पैसे घालवू नका. ती नक्षी मासा पकडत नाही, गिऱ्हाईक पकडते. स्वच्छ पाण्यात चंदेरी, गढूळ पाण्यात पिवळट-हिरवा, अंधारात चक्क काळा. एवढे रंग पुरेत. काळा अशासाठी की खालून बघणाऱ्या माशाला आभाळाच्या पुसट उजेडात काळी आकृती सगळ्यात ठळक दिसते.

दुसरा मिनो. हा कडक प्लास्टिकचा किंवा लाकडाचा, तोंडाशी छोटी पारदर्शक जीभ असलेला. ओढला की जिभेमुळे खाली बुडी मारतो आणि डुलत पोहतो. याची कल्पना जगभर पोहोचवली ती फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने. त्याने पाहिलं होतं की शिकारी मासा अख्खा थवा सोडून जो एक मासा लंगडत, वेडावाकडा पोहतोय त्याच्यावरच जातो. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा तुकडा तासून, त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद लावून, वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप देऊन पहिला ल्युअर बनवला. आजचे तीनशे-चारशे रुपयांचे मिनो त्याच लंगडणाऱ्या माशाची नक्कल आहेत.

म्हणूनच मिनो एकसारखा ओढत राहू नका. नवशिक्याची ही सगळ्यात मोठी चूक, आणि व्हिडिओ झपाट्याने कापलेले असल्यामुळे ती लक्षात येत नाही. दोन फेरे ओढा, रॉडच्या टोकाने एक हलका झटका द्या आणि थांबा. मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणा. ल्युअर जखमी माशासारखा जागच्या जागी तरंगतो किंवा हळूहळू बुडतो. दहापैकी सात-आठ वेळा मला घास या थांबण्यातच लागलाय. हात शिवशिवतात, पण थांबायचं. जिताडा हावरट असला तरी आळशी आहे.

तिसरा पॉपर. पुढून खोलगट तोंडाचा, पाण्यावर तरंगणारा. झटक्याला ‘पक्’ आवाज करत पाणी उडवतो. उजाडताना किंवा संध्याकाळी, पाणी शांत असताना आणि बोयट वर उड्या मारत असतील तेव्हाच काढायचा. भर दुपारी पॉपर मारणं म्हणजे व्यायाम.

चौथा थोडा जड, जीभ नसलेला, ओढताना गुरगुरल्यासारखा हादरणारा. त्याला व्हाइब म्हणतात. जेट्टीच्या खांबांजवळ, पुलाखाली, जिथे पाणी खोल आहे तिथे तळाला जाऊ द्यायचा, हातभर उचलायचा, परत पडू द्यायचा.

बास फिशिंगमधून जशीच्या तशी उचलावी अशी एक युक्ती म्हणजे टेक्सास पद्धत. यात गळाचं टोक रबरी माशाच्या अंगात परत लपवून टाकतात. त्यामुळे ल्युअर मुळांमधून आणि कालवं चिकटलेल्या दगडांवरून न अडकता निघून येतो, आणि मासा चावला की टोक रबरातून बाहेर येऊन रुततं. अमेरिकेत ही पाणवनस्पतीसाठी वापरतात, आपल्याकडे खारफुटीसाठी. ही शिकल्यानंतर माझा महिन्याचा ल्युअरचा खर्च एकदम खाली आला.

बासची न उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचं नाजूक सामान. गोड्या पाण्याच्या पातळ गळांना जिताडा सरळ करून टाकतो, आणि खारं पाणी उरलेलं गंजवतं. मुख्य दोरी वीस-तीस पौंडाची विणलेली चालेल, पण तिच्या पुढे हात-दीड हात चाळीस पौंडाची जाड नायलॉन दोरी हवीच. जिताड्याचं तोंड आतून सॅंडपेपरसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्यावरचं झाकण ब्लेडसारखं. झटापटीत पातळ दोरी त्यावर कापली जाते. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागल्यावर दोरी किती ताणाला सुटेल ते, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवतात. तो मोजायला घरचा हुकाचा वजनकाटा चालतो. घरी आल्यावर रील नळाच्या हलक्या धारेखाली धुवा.

मासा लागल्यावर पहिल्या दहा सेकंदांत दोन गोष्टी होतात. तो मुळांकडे पळतो, तिथे दया न दाखवता अडवायचा. आणि तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. त्या क्षणी रॉड वर धरून ताणला तर ल्युअर निसटून तुमच्याकडेच उडत येतो. उडी दिसली की रॉडचं टोक खाली, पाण्याकडे. माझे पहिले दोन जिताडे मी या उडीत घालवलेत. गॉगल घाला, हे त्यानंतर कळलं.

कुठे उभं राहायचं, कुठे नाही

वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी, गोराई हा पश्चिमेचा पट्टा. जेट्टीवर प्रवासी बोटी लागतात त्या बाजूला रॉड फिरवू नका, आणि कोळ्यांच्या जाळ्यांच्या खांबांपासून लांब राहा. आपला रविवारचा छंद, त्यांचं रोजचं पोट. एकदा जाळ्यात तुमचा तिहेरी गळ अडकला की त्या माणसाची सकाळ गेली. गावातल्या माणसाला विचारून उभं राहिलं की जागाही चांगली कळते.

मुलुंड आणि घाटकोपरच्या वाचकांसाठी वाईट बातमी. तुमच्या घरामागची ठाणे खाडी दिसायला जवळ असली तरी ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंतचा पश्चिमेचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळालाय. तिथे रॉड घेऊन उतरायचं नाही. विहार आणि तुळशी तलाव राष्ट्रीय उद्यानात, त्यामुळे तेही नाही. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनमार्फत गळ टाकता येतो, पण तिथला मुख्य खेळ कटला-रोहूचा. ते पिठाच्या गोळ्यावर येतात, ल्युअरला विचारत नाहीत. आणि पवईत मगरी आहेत, काठावर पाय सोडून बसू नका.

खाडीचा गाळ हा वेगळा विषय. ओहोटीला कोरडा दिसणारा चिखल गुडघ्यापर्यंत खातो, आणि पाणी परत फिरलं की काठाकडे येण्याआधी तुमच्या मागच्या ओहळात भरतं. एकटं जाऊ नका, परतीची वाट आधी बघून ठेवा. मढच्या खडकांवर उधाणाच्या दिवशी अजिबात नको. जून-जुलैत तर घरीच बसा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ती काठावरच्या रॉडला लागू नाही, पण तिचं कारण लागू आहे. पावसाळ्यात जिताडा खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला उतरतो.

मोठा जिताडा ‘मोठी’ असते

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. जिताडा जन्मतो तो बहुतेक वेळा नर म्हणून. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून प्रजननात भाग घेतो. मग साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात त्याची मादी होते. म्हणजे मीटरभराचा जिताडा हातात आला तर ती जवळपास नक्की मादी आहे, आणि एका हंगामात लाखो अंडी देणारी आहे. त्या आकाराला पोहोचायला तिला जाळी, गटारं आणि आपल्यासारखे हौशी असे सगळे चुकवावे लागलेत.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने यावर नियम केलाय : ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवायचा नाही, तसा १२० पेक्षा मोठाही नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवला, तो पिल्लं वाचवण्यासाठी. मोठ्या मादीचा विचार त्यात येत नाही, तो आपल्यावर आहे. मी स्वतःपुरतं ठरवलंय, हाताच्या लांबीपेक्षा मोठा असेल तर परत. आईचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

पण परत सोडणं म्हणजे वीस फोटो काढून, सिमेंटच्या जेट्टीवर आपटून, मग पाण्यात ढकलणं नाही. असा मासा पोहत जातो आणि थोड्या वेळाने मरतो. गळाचे उलटे काटे आधीच पक्कडीने दाबून ठेवा, म्हणजे तो एका झटक्यात सुटतो. हात ओले करा. खालचा ओठ धरताना दुसरा हात पोटाखाली हवा. नुसत्या ओठावर लटकवला तर वजनाने जबडा दुखावतो. कल्ल्यात बोटं घालू नका, त्याच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही. फोटो काढायचाच तर मोबाइल आधी काढून सोबत्याच्या हातात द्या. तुम्ही श्वास रोखून जितका वेळ राहू शकता तितकाच वेळ त्याला पाण्याबाहेर ठेवा. मग प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा, कल्ले हलू लागतील, आणि शेपटीचा फटका तुमच्या तोंडावर पाणी उडवून तो जाईल.

खारफुटीत तुटलेली दोरी जमेल तेवढी ओढून काढा आणि घरी न्या. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात. माझ्या बॅगेत त्यासाठी एक जुनी पाण्याची बाटली असते. ती ल्युअरच्या डब्यापेक्षा लवकर भरते.